ढगफुटीसदृश

मराठीच्या शब्दसंपत्तीत गेल्या काही वर्षांत जी भर पडली, तीत ‘ढगफुटीसदृश’ या शब्दाला मानाचे पान द्यावे लागेल. हा शब्द कोणा कवीने घडविलेला नाही. वृत्तवाहिन्यांनी तो घरोघर पोहोचविला आहे. ढगफुटी कशाला म्हणावे हे हवामानशास्त्राने ठरवून दिलेले आहे : वीस-तीस चौरस किलोमीटरांच्या लहानशा टापूत तासाभरात 100 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस. पण मोजत बसावे तर बातमी थंड होते, आणि न मोजता ‘ढगफुटी’ म्हणावे तर खोटे पकडले जाण्याचे भय! तेव्हा ‘सदृश’ची शेपटी लावली की दोन्ही संकटे टळतात. उद्या एखादा डॉक्टर पडशाला ‘क्षयसदृश’ म्हणू लागला, तर त्याच्या दवाखान्याची पायरी कोणी चढणार नाही. पावसाच्या बाबतीत मात्र हे खपते.

माझी तक्रार एवढ्यापुरतीच असती, तर एका निवृत्त मास्तराची कुरकुर म्हणून वाचकांनी ती सोडून दिली असती तरी चालले असते. पण शब्द वाढविण्यापेक्षा शब्द गाळण्याचा अपराध मोठा आहे. हवामान खात्याचे मराठीतले पत्रक कधी सावकाश वाचून पाहा. त्यात ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ असे शब्द येतात. ते शोभेसाठी नसतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातील फार तर एकचतुर्थांश केंद्रांवर. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ हे शास्त्राचे प्रामाणिक वाक्य आहे : जितके कळले तितके सांगितले, जे कळत नाही त्याची कबुली दिली. संध्याकाळी तेच वाक्य पडद्यावर येते तेव्हा ‘तुरळक’ नाहीसा झालेला असतो. उरतो तो लाल रंग, मागे नगारा, आणि ‘पुढचे चोवीस तास धोक्याचे!’ ही आरोळी. दुसऱ्या दिवशी आपल्या गल्लीत ऊन पडले, की आपण हसून म्हणतो, ‘वेधशाळेने पाऊस सांगितलाय ना, मग छत्री घरी ठेवा.’ शब्द गाळला वाहिनीने, अब्रू गेली 1875 पासून नोंदी ठेवीत आलेल्या खात्याची!

वेधशाळा कधी चुकत नाही, असे माझे म्हणणे नाही. ती चुकते, आणि चुकली की तिला जाब विचारलाच पाहिजे. पण पाऊस किती लहरी असतो हे मुंबईकराला तरी सांगावे लागू नये. 26 जुलै 2005 च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. कुलाब्याला 75 सुद्धा भरला नाही. एकाच शहराची ही दोन टोके! जिथे एवढा फरक पडतो, तिथे ‘कुठे’ हा प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा. आणि नेमका तोच या गदारोळात बुडतो.

तो कसा बुडतो ते मी 3 जून 2020 रोजी पाहिले. ‘निसर्ग’ चक्रीवादळ येणार म्हणून मी सकाळपासून दादरच्या घरात पडद्यासमोर खिळून बसलो होतो, हे आधी कबूल करतो. माझ्यासारखे बसणारे आहेत म्हणूनच दाखविणारे आहेत. एक वार्ताहर मुंबईच्या समुद्रकाठी उभा राहून, वाऱ्याने आपण कसे ढकलले जात आहोत, ते पुन्हा पुन्हा दाखवीत होता. दुपारी वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले. थोड्या वेळाने मथळा झळकला : ‘मुंबई थोडक्यात बचावली!’ मी सुटकेचा श्वास टाकला आणि चहा केला.

माझा मामेभाऊ श्रीवर्धन तालुक्यात राहतो. त्याची नारळ-पोफळीची वाडी त्याच दुपारी आडवी होत होती. वीज गेली, फोन बंद पडले. टाळेबंदीमुळे जाणेही शक्य नव्हते. बाराव्या दिवशी त्याचा आवाज ऐकू आला. वाडीचे विचारले, तर म्हणाला, ‘अण्णा, मुंबई बचावली ना? मग झालं तर.’ पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. आजोबांनी लावलेली झाडे होती ती. त्या दिवशी मी घेतलेला चहा मला अजून आठवतो.

वाहिन्यांचे समर्थक म्हणतात, ‘ओरडल्याशिवाय लोक जागे होत नाहीत.’ मला हे पटत नाही. पूर्वी गावात आग लागली की देवळाची घंटा बडवीत. ती घंटा दिवसभर वाजत राहिली असती, तर आगीच्या वेळी कोण धावला असता? खात्याच्या रंगांना अर्थ आहे : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे हालचाल करा. रोज लाल रंग फासणारे लोकांना सावध करीत नसून निर्ढावलेले करीत आहेत. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीत शेवटी लांडगा खरोखरच येतो, हे आपण मुलांना शिकवितो आणि स्वतः विसरतो. शिवाय, आरोळीची दुसरी बाजूही आहे. ‘मान्सून दाखल!’ या जल्लोषावर भरवसा ठेवून, जमिनीत पुरेशी ओल नसताना जो चाड्यावर मूठ धरतो, त्याला दुबार पेरणीचे बियाणे कोणती वाहिनी देणार?

माझे मागणे फार नाही. पाऊस कुठे, किती, केव्हापासून केव्हापर्यंत, एवढे सांगा. ‘तुरळक’ शब्द पत्रकात असेल तर तो मोठ्याने वाचा. काल सांगितले होते काय आणि झाले काय, ते आज न लाजता सांगा. आणि वादळ जिथे येणार आहे, तिथल्या माणसांविषयी बोला. नगारा नसला तरी चालेल. खऱ्या वादळाला स्वतःचा आवाज असतो. श्रीवर्धनच्या माणसांनी तो ऐकला आहे.