गळ, गाळ आणि कल्हई

मंडळी, गळ आणि गाळ या दोन शब्दांत फरक फक्त एका कान्याचा. उथळ पाण्यात जड जिगहेड टाकलं की तो काना आपोआप लागतो!

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गळाच्या नेढ्यापाशी धातूची गोळी ओतलेली असते, ते जिगहेड. त्यावर रबरी मासा चढवायचा, फेकायचा आणि हलके झटके देत ओढायचा. आमच्या भाच्याची पिढी सात-दहा ग्रॅमचं घेते, कारण ते लांब जातं. लांब जातं हे खरं, पण जातं कुठं? उन्हाळ्यात माजलगाव धरणाचं पाणी मागं सरकतं. कडेला कुठं गुडघाभर, कुठं कंबरभर पाणी आणि खाली काळ्या मातीचा चिकट गाळ. तिथं जड गोळी धप्पकन पडते, मासे बुजतात आणि गळ रुतून बसतो.

माझ्या मते कंबरभर पाण्याला दोन-तीन ग्रॅम पुष्कळ झाले. हलकी गोळी सावकाश बुडते, त्यामुळे आमिष शेवाळाच्या वरच्या अंगानं तरंगत जातं. मरळ हवा घ्यायला वर येणारा मासा, तिला हे सोयीचं. शेवाळ दाट असेल तर गळाचं टोक रबराच्या पाठीत दडवावं. आणि हो, हलकं फेकायला दोरी बारीक हवी. जाड दोरीवर दोन ग्रॅमचं काही जात नाही. तलावावर ठेकेदार संस्था असेल तर आधी विचारावं, हे वेगळं सांगायला नको.

आता माझा खरा मुद्दा. ही गोळी बहुधा शिशाची असते. अडकली की दोरी तुटते आणि शिसं तळ्यातच राहतं. पाणपक्षी अन्न दळायला बारीक खडे गिळतात, त्यात हे दाणेही जातात. राजहंस असे मरू लागले म्हणून इंग्लंडात 1987 पासून लहान शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आहे. आपल्या तळ्यांवर हिवाळ्यात बदकं उतरतात, गुरं पाणी पितात. मग आपण का थांबायचं?

उथळ पाण्याला तर शिशाची गरजच नाही. आपलं कल्हईचं कथील आहे ना! शिशाची घनता 11.3, कथलाची 7.3. म्हणजे तीन ग्रॅम शिशाच्या साच्यात कथील ओतलं तर गोळी दोन ग्रॅमच्या आतबाहेर भरते. आकार तोच, बुडणं आणखी सावकाश. आपल्याला हवं ते हेच की! कथील 232 अंशांना वितळतं, शिशाला 327 लागतात. महाग पडतं हे कबूल. पण किलोभर कथलात साडेचारशेच्या वर गोळ्या होतात, तेवढ्या कुणाला लागतात?

भाच्याला एवढंच कळवलं आहे की साचा आणि पळी कोरडी ठक्क हवी. पाण्याचा थेंब राहिला तर वितळलेलं कथील अंगावर उडतं. आणि हा उद्योग ताईच्या स्वयंपाकघरात नाही, अंगणात.