सांधे आणि चट्टे पाहिले, साखर कोणी पाहिली?

अंगावर सोरायसिसचे चट्टे आणि सोबत सांधे धरलेले, अशा माणसाची दवाखान्याची पिशवी एकदा उघडून पाहावी. त्वचारोग विभागाचा एक केसपेपर, हाडांच्या डॉक्टरांचा दुसरा, गुडघ्याचा एक्स-रे, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या, क्वचित एखाद्या जडीबुटीवाल्याची पुडी. रक्तातली साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा कागद मात्र बहुतेक वेळा नसतो. आम्हाला आज बोलायचे आहे ते या नसलेल्या कागदाबद्दल.

सोरायसिस जगात शंभरातल्या दोन-तीन जणांना असतो. त्यातल्या काहींचे पुढे सांधेही सुजतात, आणि त्या आजाराला सोरियाटिक आर्थ्रायटिस म्हणतात. बहुधा आधी कातडी, मग काही वर्षांनी सांधे असा क्रम असतो. काही जणांत उलटेही होते. बोट अख्खे सुजून जाडजूड होते, टाच दुखते, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात, सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास अंग मोकळे होत नाही. रक्तातली आमवाताची तपासणी यात बऱ्याचदा निगेटिव्ह येते आणि माणसाला ‘तुला काही नाही’ म्हणून परत पाठवले जाते. यावर पुन्हा कधीतरी सविस्तर लिहू.

आजचा मुद्दा असा की हा आजार कातडी आणि सांध्यापुरता राहत नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटलेली असते आणि त्यातून निर्माण होणारी दाहकारक द्रव्ये रक्तातून सगळीकडे फिरतात. त्यामुळे इन्सुलिन नीट काम करीत नाही, साखर वाढू लागते, रक्तवाहिन्या खराब होतात. दुसरीकडे पोटावरची चरबी स्वतःच अशी द्रव्ये सोडते आणि सांध्यांचा दाह वाढवते. सांधे दुखतात म्हणून चालणे बंद, चालणे बंद म्हणून वजन वाढते, वजन वाढले की सांधे आणखी दुखतात. या रुग्णांत लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब, यकृतात चरबी साठणे आणि हृदयविकार हे सारे इतरांपेक्षा जास्त आढळते. मधुमेह माणसाला कसा पोखरतो हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको; बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांचा इतिहास आपण वाचलेला आहे.

‘पण मी तर बारीक आहे,’ असे कोणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली. उंची-वजनाच्या हिशेबात दोघे अगदी सारखे, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणून आपल्याकडे नुसत्या वजनकाट्यावर भरवसा ठेवून भागत नाही, कमर मोजावी लागते. पुरुषाची ९० सेंटीमीटर आणि स्त्रीची ८० सेंटीमीटर ही आपल्या लोकांसाठीची मर्यादा. ती गाठली आणि त्यासोबत उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, चांगले कोलेस्टेरॉल पुरुषात ४० पेक्षा आणि स्त्रीत ५० पेक्षा कमी, यातले कोणतेही दोन निघाले, तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. शिंप्याची टेप दहा-वीस रुपयांना मिळते. तरीही ओपीडीत कमर मोजलेली आम्ही फारशी पाहिलेली नाही.

याचा दोष एकट्या डॉक्टरला देणे बरोबर नाही. शंभर-दीडशे रुग्णांच्या रांगेत चामडीवाला चामडी पाहतो, हाडवाला हाड पाहतो. पण माणूस एकच असतो, आणि त्याने कोणाला काय सांगावे हे त्याला कोणीच सांगितलेले नसते.

औषधांचेही असेच. मेडिकलमध्ये ‘सांध्याची गोळी द्या’ म्हटले की पुष्कळदा वेदनाशामक मिळते, कधी स्टेरॉइडही. दोन दिवसांत गुण येतो, म्हणून माणूस तीच वर्षभर घेत राहतो. वेदनाशामकांनी रक्तदाब चढतो, किडनीवर ताण येतो. स्टेरॉइडने साखर आणि वजन दोन्ही वाढते. काही पुड्यांतही न सांगता स्टेरॉइड मिसळलेले असते. मात्र आमचे हे वाचून कोणी ती एकदम बंद करू नये. अचानक थांबवल्यास सोरायसिस अंगभर उसळू शकतो, जिवाला धोकाही होऊ शकतो. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावी लागते. मेथोट्रेक्सेट ही चांगली आणि स्वस्त गोळी आहे, पण सांध्यांसाठी ती आठवड्यातून एकच दिवस घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. ती चालू असताना दारू नको, आणि यकृताची तपासणी चुकवू नये. त्यातून यकृतात आधीच चरबी असेल तर दुप्पट सावध राहावे.

वजन उतरल्याने खरेच फरक पडतो का? २०१४ साली इटलीतल्या एका अभ्यासात औषधोपचार सुरू झालेल्या जाड रुग्णांपैकी ज्यांनी ५ टक्के किंवा त्याहून अधिक वजन कमी केले, त्यांचा आजार इतरांपेक्षा जास्त प्रमाणात आटोक्यात आला. ८० किलोच्या माणसाला हे म्हणजे चार किलो. पण ज्या बाईला सकाळी टाच जमिनीला टेकवता येत नाही, तिला ‘रोज तासभर चाला’ असे लिहून देणे ही आमच्या मते चेष्टा आहे. आधी सूज उतरवा, मग चालवा. तोवर खुर्चीत बसून हातपाय हलवणे, घरातल्या घरात दहा-दहा मिनिटे फिरणे एवढेही चालेल.

आहाराच्या छापील कागदावर ओट्स, ऑलिव्ह तेल आणि बदाम असतात. ते बाजूला ठेवा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ, अंडे, ताजी मासळी यात काही वावगे नाही. सांधे दुखतात म्हणून परस्पर डाळ बंद करण्याचे कारण नाही. कमी करायचे ते चहातली साखर, खारी-टोस्ट, वडापाव, थंड पेये. रक्तदाब असेल तर सुकट-बोंबील बेताने, कारण त्यात मीठ फार.

आणखी एक गोष्ट, जी औषधांच्या कागदावर कधी येत नाही. चट्टे दिसतात म्हणून माणूस लग्नाला जात नाही, बाहेर फिरत नाही, घरात बसून राहतो आणि वजन तिथेच वाढते. सोरायसिस संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, ताटाने, टॉवेलने तो पसरत नाही. वेगळे ताट आणि वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्या आजी-आजोबांनी भोगले आहे. त्याच घरात आज सुनेचा किंवा सासऱ्याचा पेला वेगळा ठेवला जात असेल तर ते आम्हाला सहन होत नाही.

वय ३० च्या पुढे असेल तर रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. सोरायसिस असलेल्याने तिशीची वाट पाहू नये, डॉक्टरांकडे आपणहून मागणी करावी आणि कोलेस्टेरॉल, यकृत, किडनीही तपासून घ्यावी. जयंतीला विहारात आरोग्य शिबिर भरतेच. कार्यकर्त्यांनी तिथे एक टेप ठेवावी आणि नाव नोंदवतानाच विचारावे, अंगावर खपल्यांचे चट्टे आहेत का, सकाळी सांधे आखडतात का. उत्तर हो आले, तर त्याच्या चिठ्ठीवर साखर, रक्तदाब आणि कमरेचे माप यांच्या शेजारी ‘सोरायसिस’ हा शब्दही लिहावा, म्हणजे पुढचा डॉक्टर कोणत्याही विभागाचा असला तरी त्याला सगळे एकाच कागदावर दिसेल.