चुकलेले सामने मोजून उत्तर देऊ नका

मोसम संपला की व्यवस्थापनाकडून विचारणा होते, "हा सारखा जखमी होतो, ठेवायचा का?" आपल्यापैकी बरेच फिजिओ मग त्याचे किती सामने हुकले ते मोजतात आणि मान डोलावतात किंवा हलवतात. अशा मोजणीवर भिस्त ठेवली असती तर सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने आरिक आर्मस्टेडला केव्हाच निरोप दिला असता.

अमेरिकन फुटबॉलमधला हा बचावाच्या पहिल्या ओळीतला धिप्पाड गडी. 2016 आणि 2017 मिळून 32 सामन्यांपैकी तो जेमतेम 14 खेळला. आधी खांद्याची शस्त्रक्रिया, मग हाताचं हाड मोडलं. पण हाड जुळलं की तो विषय मिटतो. क्लबने धीर धरला आणि पुढची दोन वर्षं त्याने एकही सामना चुकवला नाही. 2019 मध्ये 10 सॅक (चेंडू फेकणाऱ्याला फेकण्याआधीच पाडणं) केल्यावर मार्च 2020 मध्ये त्याला पाच वर्षांचा, साडेआठ कोटी डॉलरपर्यंतचा करार मिळाला. तो योग्यच होता. संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेपायी त्याच ओळीतला डीफॉरेस्ट बकनरसारखा क्वचितच बाहेर बसणारा खेळाडू इंडियानापोलिसला दिला, हे मात्र मला आजही पटत नाही. त्या अदलाबदलीतून शेवटी हाती लागला जावोन किनलॉ, आणि त्याच्या गुडघ्याने दोन मोसम खाल्ले.

आर्मस्टेडची खरी काळजी 2022 पासून करायला हवी होती. त्या वर्षी प्लांटर फॅशायटिस, पुढच्या वर्षी गुडघ्याचा मेनिस्कस. दोन मोसमांत 34 पैकी 13 सामने हुकले, म्हणजे आकडा पूर्वीपेक्षा कमीच! पण हात जमिनीला टेकवून, 130 किलोंचा भार चवड्यांवर तोलायचा आणि चेंडू हलताच तेवढ्याच वजनाच्या माणसाला रेटायचं, हेच ज्याचं काम, त्याच्या तळपायाचं आणि गुडघ्याचं दुखणं मोडलेल्या हातासारखं नसतं. तिशीत तर नाहीच. मार्च 2024 मध्ये क्लबने त्याला पगार कमी करायला सांगितलं, त्याने नकार दिला आणि तो जॅक्सनव्हिलला गेला. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या.

आपल्याकडे कबड्डीच्या किंवा क्रिकेटच्या लिलावाआधी अहवाल लिहाल, तेव्हा हुकलेल्या सामन्यांचा आकडा सगळ्यात शेवटी टाका. आधी लिहा, इजा नेमकी कुठे, धडकेने की ताणाने, त्याच जागी पुन्हा का, आणि त्याच्या खेळात त्या जागेवर रोज किती भार पडतो. किंमत ठरवणं व्यवस्थापनाकडे राहू द्या.