चतुराला तलावाचा काठ हवा

पाऊस थोडा उघडला की धानाच्या बांधीवर आणि तलावाच्या पाळीवर चतुरांची गर्दी होते. पोरं त्याला हेलिकॉप्टर म्हणतात, शेपटीला दोरा बांधून उडवतात. मोठी माणसं तिकडं बघतही नाहीत. पण शेतकरी बंधूंनो, हा बिनपगारी राखणदार आहे, आणि तलाव साफ करण्याच्या नादात आपण त्याचंच घर मोडतो आहोत.

आधी ओळख करून घेऊ. बसल्यावर पंख विमानासारखे पसरून ठेवतो तो चतुर. अंगानं काडीसारखी बारीक आणि बसताना बहुधा पंख पाठीवर मिटून घेते ती टाचणी. दोघंही पक्के शिकारी. चतुर उडता उडता डास, माश्या, लहान पतंग धरतो. टाचणी धानाच्या चुडांतून फिरून तुडतुडे टिपते.

यांची पिल्लं मात्र पाण्यात वाढतात. मातकट रंगाचं, बिनपंखांचं हे पिल्लू खालचा ओठ झटकन पुढे फेकून डासांच्या अळ्या पकडतं. वाढ पुरी झाली की ते काडीवर चढतं, पाठीवर कात फाटते आणि पंखवाला चतुर बाहेर येतो. सकाळी काठच्या गवतावर त्या रिकाम्या काती चिकटलेल्या दिसतात. टाचणी तर अंडीच पाणवनस्पतीच्या देठात घालते. देठ नाही तर अंडी नाहीत, इतका हा सरळ हिशेब आहे.

आपल्या भंडारा-गोंदियात मामा तलावांची मोठी पुण्याई आहे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून गाळ काढण्याच्या कामांना जोर आला. गाळ निघाला पाहिजे, तो शेतात पडला पाहिजे, यात वाद नाही. पण जेसीबी लावून चारही बाजूंचा काठ खरवडून काढला म्हणजे काम झकास झालं, ही समजूत चुकीची आहे. बेशरम जरूर उपटा. लव्हाळा, कमळ, देवधान यांना मात्र हात लावू नका. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात ढीवर महिलांनी बेशरम काढून तलावात पाणवनस्पती मुद्दाम लावल्या. मासळीसाठी केलेलं ते काम चतुरांच्याही उपयोगाचं आहे.

दुसरी गोष्ट औषधांची. जपानमध्ये भातखाचरातले लाल चतुर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून झपाट्यानं घटले. रोपांना दिल्या जाणाऱ्या फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड यांसारख्या औषधांकडे तिथल्या संशोधकांनी बोट दाखवलं. हीच औषधं आपल्या दुकानांतही मिळतात. म्हणून फवारणीचा पंप तलावात किंवा नाल्यात धुऊ नका.

कोणी म्हणेल, "साहेब, चतुरानं तुडतुडा थांबला असता तर आम्ही फवारणी कशाला केली असती?" बरोबर आहे. चतुर एकटा पीक वाचवत नाही, आणि तो समोर येईल ते खातो, मित्रकिडीही सोडत नाही. पण कोळी, बेडूक, ढालकिडा यांच्या जोडीनं तो किडीचा जोर कमी ठेवतो. चुडाच्या बुंध्याशी तुडतुडे न मोजता, शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपणही मारलं, तर शत्रूबरोबर ही सगळी फौजही जाते.

तेव्हा ऊन चढलं की दहा मिनिटं तलावाच्या काठी उभे राहा. लाल, निळे, पिवळे, किती प्रकारचे दिसतात ते मोजा. नारिंगी पंखांचा एक चतुर घाण पाण्यावरही तग धरतो. सगळीकडं नुसता तोच दिसू लागला, तर पाणी बिघडत चाललं असं समजून सावध व्हावं. पोरांनाही सोबत न्या. दोरा न बांधता बघण्यातही मजा आहे, हे त्यांना लवकर कळतं.

ग्रामसभेत तलावाच्या कामाचा विषय निघेल तेव्हा उठून एवढंच मागा: निदान एका बाजूचा काठ गवतासकट तसाच राखावा, आणि ही अट कामाच्या कागदावर लिहून घ्यावी. या मागणीला निधी लागत नाही.