घोरणं आणि गाढ झोप

दरवर्षी या पानावर खाण्यापिण्याच्या गमती लिहिते. यंदा विषय झोपेचा आहे.

आमचा पाच वर्षांचा लेक रोज घोरायचा. "दमतो गं, गाढ झोपलाय," पुण्याहून आई फोनवर म्हणायची. मलाही कौतुकच वाटायचं. एका रात्री त्याचं घोरणं मध्येच थांबलं. छाती वरखाली होत होती, पण श्वासाचा आवाज नव्हता. मी मनात आकडे मोजले. नऊपर्यंत आले आणि तो धाप लागल्यासारखा श्वास घेऊन कुशीवर वळला.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंना मी मोबाइलवरचं चित्रीकरण दाखवलं. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं. टॉन्सिल्स मोठे होते आणि नाकामागची गाठही वाढलेली होती. इथले लोक तिला 'पोलिपेन' म्हणतात. जागेपणी घशाचे स्नायू वाट उघडी धरतात, झोपेत ते सैल पडतात आणि आधीच अरुंद असलेली वाट मिटते. मग मेंदू पोराला क्षणभर जागं करतो, असं रात्रभर चालतं.

पुढे एका रात्री बोटाला चिमटा, नाकाशी नळी, छातीपोटावर पट्टे लावून श्वासाची नोंद झाली. मोठ्या माणसांत तासाला पाचपेक्षा कमी अडथळे चालतात, मुलांत मात्र एकाहून जास्त झाले तरी डॉक्टर लक्ष घालतात.

झोपेतला हा अडथळा नोंदवून दाखवणाऱ्या पहिल्या डॉक्टरांत १९६५ साली आपल्या इथल्या फ्रायबुर्गचे युंग आणि कूलो होते. १९६९ मध्ये कूलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत कायमची नळी बसवली. घशातली बंद वाट टाळण्याचा तोच उपाय तेव्हा हाती होता. लेकाची मात्र मागची गाठ काढली आणि टॉन्सिल्स थोडे ठेवून कमी केले. पूर्ण काढण्यापेक्षा यात रक्तस्रावाचा धोका कमी असतो.

तपासणीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "दिवसा चिडचिड करतो? लक्ष लागत नाही?" तेव्हा मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. दुसऱ्या बाकावर तोंड उघडं टाकून तो पेंगायचा. मी त्याला तासभर उभं केलं होतं आणि वर्ग हसला होता. त्याला काय होत होतं ते मला आज कळणार नाही, पण मी विचारायला हवं होतं.

घोरणारं प्रत्येक मूल आजारी नसतं. पण रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर एक रात्र त्याच्याजवळ बसा आणि श्वास ऐका. शस्त्रक्रियेनंतर आमच्या खोलीत पहिल्यांदा शांतता झाली, तेव्हा मीच दचकून जागी झाले आणि त्याच्या नाकाशी हात धरला. श्वास अगदी संथ चालला होता.