पेढीवरची वाणी

१६ जून २०२१ रोजी देशातील २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांची स्वतंत्र ओळखखूण कोरल्याखेरीज डाग विक्रीला ठेवू नये असा दंडक पडला, तेव्हा आपल्या व्यवसायबंधूंपैकी पुष्कळांनी त्याकडे आणखी एक सरकारी उपाधी म्हणूनच पाहिले. कारकुनी वाढली, तपासणी-केंद्राच्या खेपा वाढल्या, हे खरेच आहे. परंतु या दंडकाने आपल्या धंद्याच्या पायाचा एक दगड हलवला आहे, आणि त्याची दखल अजून थोड्यांनीच घेतली असावी असे आम्हांस वाटते. सोन्याचा कस पारखण्याचे साधन गिऱ्हाइकाच्या हाती नव्हते तोवर ते पेढीच्या नावावर विसंबून असे. १९६३ साली सुवर्ण-नियंत्रणाचे नियम आले, १९६८ साली त्यांचा कायदा झाला आणि १९९० साली तो रद्द झाला. या सबंध कालखंडातही घराणी आपला सराफ सहसा बदलत नसत, कारण सराफ बदलणे म्हणजे अनोळखी माणसाच्या इमानावर नव्याने हवाला ठेवणे होते. आज कोल्हापूरच्या गुजरीत घ्या, पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर घ्या, जळगावात घ्या की झवेरी बाजारात घ्या, बावीस कॅरटच्या डागावर ९१६ हाच आकडा असतो, भाव रोज जाहीर होतो, आणि वस्तू व सेवा कर सर्वत्र तोच.

मग गिऱ्हाईक एका पेढीची पायरी सोडून दुसरीची का चढते? घाट आणि कारागिरी यांचा मान मोठा आहे, यात शंका नाही. पण नवा घाट आज छायाचित्रावरून आठ दिवसांत उचलला जातो, आणि कसबी कारागीर दोन पेढ्यांचे काम एकाच वेळी करतो. जिची नक्कल बाहेरून करता येत नाही अशी एकच गोष्ट पेढीजवळ उरते, ती म्हणजे तेथली माणसे एकमेकांशी कशी बोलतात ही. ती हॉलमार्कच्या यंत्राला कळत नाही. गिऱ्हाइकाला मात्र कळते, आणि ज्याला खर्चाची फिकीर नाही अशा गिऱ्हाइकाला अधिकच लवकर कळते, कारण भावाच्या घासाघिशीतून मोकळे राहिलेले त्याचे लक्ष सभोवार फिरत असते.

या सधन गिऱ्हाइकाविषयी अलीकडे एक समज मूळ धरू पाहत आहे. विक्रेत्याने थोडे ताठ्याने वागावे, येणाऱ्याला ‘हे आपल्या ऐपतीपलीकडचे तर नव्हे’ असा संकोच वाटू द्यावा, म्हणजे तो इरेस पडून खरेदी करतो, असे सांगणारे प्रशिक्षक आता आपल्या मेळाव्यांतूनही दिसू लागले आहेत. आधारासाठी ते मॉर्गन वॉर्ड आणि डॅरेन डाल या अभ्यासकांच्या २०१४ साली ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’मध्ये आलेल्या निबंधाचा दाखला देतात. निबंध खरा आहे आणि त्याचा पूर्वार्ध या मंडळींना अनुकूलही आहे: उंची वस्तूंच्या दालनात तुच्छतेची वागणूक मिळालेल्यांची त्या वस्तूविषयीची ओढ वाढलेली आढळली. पण दाखला देणाऱ्यांनी उत्तरार्ध वाचलेला दिसत नाही. जे त्या नाममुद्रेची आकांक्षा बाळगून आहेत त्यांच्याच ठायी हा परिणाम दिसला. विक्रेता स्वतः त्या नाममुद्रेला साजेसा असेल तरच दिसला. साध्या, सर्वांच्या आवाक्यातल्या मालाच्या बाबतीत दिसला नाही. आणि काही काळ लोटल्यावर पाहिले तर ती ओढ ओसरून गेली होती.

आपला धंदा या ओसरण्याच्या पलीकडे चालतो. कोणी आपल्याकडे एका खरेदीपुरते येत नाही. लेकीच्या लग्नाला पाटल्या आणि तोडे नेणारे घर वर्षभरात कुडीची फिरकी हरवली म्हणून येते, मंगळसूत्राची वाटी चेपली म्हणून येते, सासूबाईंची मोहनमाळ मोडून नातसुनेला नव्या घाटाचे काही करायचे म्हणून येते, आणि अडीअडचणीला तोच डाग घेऊन खाली मान घालूनही येते. अशा घराला इरेस पाडून एक दिवस गल्ला भरेल, पण ते घर पुन्हा दार उघडून आत येणार नाही.

ताठा गिऱ्हाइकाशी दाखवण्याइतके अविचारी तरी आपल्यात थोडेच आहेत. आमची खरी चिंता निराळी आहे. गिऱ्हाइकाशी मधाळ आणि नोकराशी कडू, अशा दोन भाषा एकाच जिभेवर वागवणाऱ्या पेढ्या थोड्या नाहीत, आणि काउंटरच्या अलीकडची भाषा पलीकडे ऐकू जात नाही असे तेथल्या मालकांना मनापासून वाटते. उमेदवारीच्या दिवसांत आम्ही एका जिल्ह्याच्या गावच्या पेढीवर कीर्द-खतावणी लिहीत असू. दिवेलागणीनंतर तबके एकेक करून काट्यावर चढत. डागांची संख्या आणि वजन ही दोन्ही वहीशी जुळली म्हणजे तबक तिजोरीत जाई. अशाच एका संध्याकाळी अंगठ्यांच्या तबकात एक अंगठी कमी भरली. गादीजवळ एक वृद्ध बाई सुनेसाठी तन्मणी पाहत बसल्या होत्या. विक्रीवर एक मुलगी होती, तिला नोकरीला लागून वर्षही झाले नव्हते. मालकांनी तिला हाक मारली आणि काही न विचारता तिची पिशवी काउंटरवर पालथी केली. एसटीचा पास, रुमालाच्या गाठीतली सुटी नाणी, जेवणाचा रिकामा डबा, आणि बाईमाणूस चारचौघांत कधी उघडे करीत नाही असेही काही, सारे त्या काचेवर पसरले. डब्याचे झाकण घरंगळत फरशीवर पडले. पिशवीत अंगठी नव्हती. घटकाभराने ती तबकातच सापडली. मखमलीचा कोपरा उसवला होता, त्याच्या आत ती सरकली होती.

या प्रसंगातली एक गोष्ट आम्ही आजवर लिहिली नव्हती. संख्या एकाने कमी होती, पण वजन पुरे भरले होते. अंगठी तबकाबाहेर गेलेलीच नाही हे काटा सांगत होता, आणि वही आमच्या हातात असल्यामुळे ते आम्हांस दिसत होते. मालकांसमोर तोंड उघडण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. त्या पेढीवर कोणालाच होत नसे. भयाने चालवलेल्या पेढीचे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे, असे आता मागे वळून पाहता वाटते. तेथे शिस्त उत्तम दिसते, माणसे हाकेसरशी उभी राहतात, पण मालकाला जे कळणे अगत्याचे ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तार पातळ ओढली गेली आहे, डाक कच्चा राहिला आहे, अमुक घर नाराज होऊन गेले आहे, यांतले काही त्याला वेळेवर कोणी सांगत नाही, कारण बातमी सांगणाराच पहिला बळी ठरतो हे सर्वांना अनुभवाने ठाऊक असते.

त्या वृद्ध बाईंच्या मनात जे घडले असेल त्याचा पद्धतशीर अभ्यास पुढे झाला आहे. क्रिस्टीन पोरॅथ, डेबोरा मॅकिनिस आणि व्हॅलरी फोक्स यांनी २०१० साली ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’मध्येच दाखवून दिले की एका नोकराने दुसऱ्याचा उपमर्द केलेला पाहिला, तर पाहणारा ग्राहक केवळ त्या दोघांविषयी मत बनवून थांबत नाही. तेथल्या इतर माणसांविषयी, सबंध संस्थेविषयी आणि पुढच्या भेटीत आपल्या वाट्याला काय येईल याविषयीही तो प्रतिकूल अनुमान बांधतो. कामातला अडाणीपणा पाहून मनावर जो परिणाम होतो त्याहून हा परिणाम तीव्र असतो, हेही त्यांना आढळले. नवख्या मुलीने चिठ्ठीवरचे वजन चुकीचे वाचले तर गिऱ्हाईक हसून सोडून देते. त्या चुकीबद्दल वरिष्ठाने तिला त्याच्यादेखत फैलावर घेतले, तर ते विसरत नाही. चूक दुरुस्त करायची असेल तर ती गिऱ्हाईक गेल्यावर, आतल्या खोलीत, एकटीला बोलावून करावी, ही समज आपल्या जुन्या दिवाणजींना उपजत होती.

याहून अवघड प्रश्न पेढीवरच्या सर्वांत पटाईत विक्रेत्याचा आहे. पाडव्याला आणि गुरुपुष्यामृताला ज्याचा आकडा सर्वांत वर असतो, पण जो सहकाऱ्यांची गिऱ्हाइके हिरावतो, मुलींना टोचून बोलतो, शिकाऊंना मुद्दाम चुकू देतो, त्याचे काय करावे? बहुतेक मालक डोळेझाक करतात. मायकेल हाउसमन आणि डिलन मायनर यांनी २०१५ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलसाठी लिहिलेल्या टिपणात अकरा कंपन्यांतील पन्नास हजारांहून अधिक कामगारांची दप्तरे तपासली. लैंगिक छळ, अफरातफर, हिंसा अशा कारणांवरून ज्यांना काढावे लागले त्यांना त्यांनी विषारी गणले, आणि हे लोक कामाच्या उरकात सरासरीहून सरस होते असे त्यांना दिसले. त्यांचा उपद्रव इतका काळ खपवून का घेतला जातो याचे उत्तर येथेच मिळते. पण हिशेब पुढे आहे: शेकडा एकांत मोडणारा उत्कृष्ट कामगार नेमल्याने होणारा फायदा सुमारे ५,३०० डॉलर, तर असा एक विषारी माणूस टाळल्याने, केवळ इतरांची गळती थांबून, वाचणारी रक्कम सुमारे १२,५०० डॉलर. शिवाय अशा माणसाच्या सहवासात शेजारच्याचेही वर्तन बिघडण्याचा संभव वाढतो. विक्रीवरचे बक्षीस सर्वस्वी एकेकट्याच्या आकड्यावर न देता त्याचा मोठा हिस्सा सबंध दालनाच्या विक्रीवर द्यावा, असे आम्ही आग्रहाने सुचवतो.

आणि ज्याच्या खिशात पैसा आहे तो ग्राहकच विष घेऊन आला तर? मजल्यावरच्या खास खोलीत, कॉफीचा पेला पुढे ठेवून, लाखांचे डाग दाखवणाऱ्या मुलीचा हात कोणी नको तितका वेळ धरून ठेवतो, आणि मालक खरेदीची रक्कम मनात मोजत दुसरीकडे पाहतो. हे घडते, आणि आपल्यापैकी पुष्कळांना ते ठाऊक आहे. १९९७ सालच्या विशाखा निकालानंतर सोळा वर्षांनी, २०१३ साली, कामाच्या जागी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. कामाच्या निमित्ताने संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षितता देणे हे त्यात मालकाचे कर्तव्य सांगितले आहे, म्हणजे गिऱ्हाईकही त्यातून सुटत नाही. दहा वा अधिक माणसे असलेल्या पेढीवर अंतर्गत समिती असलीच पाहिजे. नसेल तर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दहांहून कमी माणसे असतील तेथल्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते, हे तिला मालकाने आपण होऊन सांगावे. खोलीचे दार काचेचे असावे, आणि तेथे दोघींनी मिळून डाग दाखवावेत. याला खर्च जवळजवळ नाही.

बसण्याचेही तसेच. केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली कायदा दुरुस्त करून दुकानातल्या नोकराला बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. दहा तास उभ्या राहिलेल्या मुलीच्या पायांना जी कळ लागते ती संध्याकाळी तिच्या शब्दांत उतरतेच. सरकारची वाट न पाहता प्रत्येक काउंटरमागे आजच एक स्टूल यावे. झवेरी बाजाराच्या माळ्यांवर बंगालहून आलेले कारागीर तेजाबाच्या वाफेत काम करतात आणि पुष्कळदा तेथेच निजतात. त्यांच्याविषयी आम्ही पुढील अंकात स्वतंत्रपणे लिहिणार आहोत.

संध्याकाळच्या मोजदादीबाबत मात्र येथेच सांगितले पाहिजे. सकाळी तबक हाती देताना आणि सायंकाळी परत घेताना देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या सह्या व्हाव्यात. तूट दिसली तर शेवटचे गिऱ्हाईक बाहेर पडेपर्यंत कोणी आवाज चढवू नये. मग आधी वजन पुन्हा घ्यावे, तबक उसवून पाहावे, शेजारची तबके मोजावीत, कॅमेऱ्यातले चित्रण पाहावे. कोणाच्या पिशवीला मालकाने हात लावू नये. झडतीचा नियमच करायचा असेल तर तो रोजचा आणि सर्वांना सारखा असावा, आणि पहिली पिशवी मालकाची उघडावी.

त्या संध्याकाळी वृद्ध बाईंनी गळ्याशी धरलेला तन्मणी तबकात ठेवला. “राहू द्या आज, शेठ,” एवढेच त्या म्हणाल्या. उठताना त्यांनी वाकून फरशीवरचे झाकण उचलले आणि त्या मुलीच्या हाती दिले. मुलगी दुसऱ्या दिवसापासून कामावर आली नाही. त्या बाईंच्या घराचे खाते पेढीच्या वहीत तीन पिढ्यांचे होते, मागची पाने मोडीत लिहिलेली होती, आणि आम्ही ती पेढी सोडीपर्यंत, म्हणजे पुढची चार वर्षे, त्या खात्यावर काही लिहिण्याचा प्रसंग आम्हांस आला नाही.