उत्तरायणाचा पवन: आकडा वाचतो, दिशाही वाचू या



संक्रांत आपण घरात तिळगूळ आणि हळदीकुंकवाची करतो, अगाशीवर मात्र उत्तरायणच. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या जुन्या घरांत १३ जानेवारीच्या रात्री दोनच प्रश्न असतात. उंधियू कुठून आणायचा, आणि उद्या पवन कसा? ‘वारा’ नाही हं, ‘पवन’च. हल्ली दुसऱ्याचं उत्तर मोबाइल देतो: ताशी १२ किलोमीटर. झालं, सगळे खूश, विषय संपला. माझं म्हणणं, एवढ्यावर विषय संपवू नका.

पहिली गोष्ट, तो आकडा सरासरीचा असतो, तोही मोकळ्या जागी जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा. आपल्या अगाशीला शेजारच्या इमारती आणि पाण्याच्या टाक्यांची आड असते, तिथे पवन गिरक्या घेतो. सरासरीखाली झोताचा वेगळा आकडा दिलेला असतो, तो कोणी बघतच नाही. झोत काही सेकंदांचाच, पण वेग दुप्पट झाला की पतंगावरचा जोर चौपट होतो. १२ च्या पवनात मजेत ढील देणाऱ्या पोराची बोटं २४ च्या झोतात चिरतात ती यामुळे.

दुसरी गोष्ट दिशा, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. अंदाजात वाऱ्याला नाव मिळतं ते तो जिथून येतो त्या दिशेचं. उत्तरेचा पवन म्हणजे पतंग दक्षिणेला. आमचे आजोबा अगाशीवर चढले की आधी उदबत्ती लावायचे. आम्हाला वाटायचं देवासाठी. ते धूर कुठे जातो ते बघायचे, आणि मग लहानांना कुठल्या कठड्यापासून लांब ठेवायचं ते ठरवायचे. कारण साधं आहे. पवन पडला की माणूस दोरी खेचत मागे सरकतो, म्हणजे पवन जिकडून येतो तिकडे. नजर आभाळात असते. उत्तरेचा पवन असेल तर धोका उत्तरेच्या कठड्याला.

आणि कापलेला पतंग? तो पवनाबरोबर वाहत जातो, मागे दोरी ओढत. ती दोरी कुठल्या रस्त्यावर, कुठल्या उड्डाणपुलावर आडवी पडणार हे बरंचसं दिशेवरून कळतं. दर वर्षी दुचाकीवाल्यांचे गळे चिरल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि वासी उत्तरायणाला पुन्हा फिरकी काढतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, योग्यच केलं. पण काच लावलेली सुती दोरीही गळा कापते. नुसत्या बंदीवर विसंबून कसं चालेल?

‘सणाच्या दिवशी कसलं शास्त्र काढलंस’ असं काही जण म्हणतील. अहो, किन्ना बांधताना पवन बघून गाठ वर-खाली करताच ना? तेही शास्त्रच. फक्त ते आपला पतंग चढावा म्हणून वापरतो, दुसऱ्याचा गळा वाचावा म्हणून नाही. एवढाच फरक.

म्हणून या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर आकड्याबरोबर तीन ओळी जास्त टाका. पवन कुठून येणार, झोत किती, आणि आपल्या दोऱ्या कुठल्या रस्त्यावर पडणार. त्या रस्त्याच्या तोंडाशी दोन पोरं उभी करा, दोऱ्या गोळा करायला. मुख्य म्हणजे संध्याकाळी. जानेवारीत ऊन उतरलं की पवन पडतो, पतंग खाली येतात, आणि नेमकी त्याच वेळी माणसं दुचाकीवर लेकरांना पुढे बसवून घरी निघतात. गळ्याला मफलर आणि दुचाकीला पुढे सळी हवीच, पण ती काळजी त्यांनी घ्यायची. दोरी उचलायची जबाबदारी आपली.

तुमच्या पोळात, सोसायटीत असं कोणी करत असेल तर खाली जरूर लिहा. बाकीच्यांना उपयोग होईल.

तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि आकड्याबरोबर दिशाही सांगा.